दुखणं कुठवर उतरलं

मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आधी यायचं, ते माझे पाय आधी आले. कामरगावला, माझ्या माहेरी, ही बातमी सुईणीचे हात धुऊन होण्याआधी गल्लीच्या टोकाला पोचली होती, असं आई सांगायची. मुलगी झाली म्हणून तोंड पाडायलासुद्धा कुणाला सवड मिळाली नाही. पायाळू माणूस घरात असणं म्हणजे उसण भरलेल्यांचा दवाखाना घरात असणं. कंबर लचकली, पाठीत चमक निघाली, की आमच्याकडची माणसं आधी गोळी शोधत नाहीत, पायाळू शोधतात. पायाळूनं पाठीवर पाय ठेवला की उसण जाते, यावर शंका घेणारा माणूस मी लहानपणी तरी पाहिला नाही.

त्याची रीत ठरलेली होती. रविवारी किंवा बुधवारी, सकाळी, दोघांनीही तोंडात काही घातलेलं नसताना, दुखणाऱ्यानं आमच्या उंबरठ्याशी पालथं पडायचं. मी डावा पाय त्याच्या कंबरेवर ठेवायचा, मग मांडीवर, मग पोटरीवर आणि शेवटी तळव्यावर. असं तीनदा. आई शेजारी उभी राहून विचारायची, "कुठवर उतरलं?" कारण आमच्या समजुतीप्रमाणे दुखणं जागच्या जागी विरत नाही, ते उतरतं. कंबरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत, आणि पायाच्या बोटांतून बाहेर. पायाला मुंग्या आल्या की आई खूश व्हायची. "निंगालं पाह्य, बोटापर्यंत आलं!" मुंग्या म्हणजे दुखणं दाराशी आल्याची खूण. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या मुंग्यांनीच घातला.

मी माणसं तोंडावरून ओळखायच्या आधी पाठीवरून ओळखायला लागले. एकदा तर शाळेतले गणिताचे मास्तर येऊन पालथे पडले. आदल्याच दिवशी त्यांनी पाढे चुकले म्हणून माझ्या हातावर छडी मारली होती. त्यांच्या कंबरेवर पाय मी जरा मनापासूनच ठेवला. मास्तर म्हणाले, "लय गुण आहे पोरीच्या पायात," आणि सोमवारी मला पाढे विचारले नाहीत.

गंमत सोडली तर मला या प्रकाराचा राग यायचा. ढग गडगडले की आई मला ओढत घरात न्यायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. म्हणजे पोरी पावसात नाचत असताना मी खाटेवर, आणि लोकांच्या पाठी दुखल्या की मी उंबरठ्यावर. माझ्या पायाला जी किंमत होती ती माझ्या तोंडाला नव्हती. मला पाहायला आले तेव्हासुद्धा होणाऱ्या सासूनं चहाचा कप तसाच ठेवून आधी विचारलं, "पायाळू हाये म्हन्ते, खरं काय?" आईनं हो म्हटलं आणि लग्न ठरलं. मला मुलगा पसंत आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. नशीब की होता.

सासर मंगरूळपीरजवळचं खेडं. घरची शेती भाजीपाल्याची. मेथी, कोथिंबीर, वांगी, टमाटे. भाजीचं काम म्हणजे वाकायचं काम. निंदायला वाका, तोडायला वाका, जुड्या बांधायला वाका. त्या घरात एकही पाठ धड नव्हती. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझ्यापुढे पालथ्या पडल्या. नव्या नवरीनं सासूच्या पाठीवर पाय द्यायचा! माझ्या हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. मी थिजून उभी राहिले. त्या खालूनच ओरडल्या, "ठेव ना वं, पाया पडून घे मंग!" मी पाय ठेवला, मग पाया पडले. त्या उठून मेथी खुडायला गेल्या.

एक माणूस मात्र माझ्या पायापुढे कधी आला नाही. माझे सासरे. मामाजी म्हणायचो आम्ही त्यांना. जुन्या वळणाचे, अंगानं काटक, बोलायला कमी. सुनेशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. मी हातभर अंतरावर उभी असले तरी ते आत्याबाईंना सांगायचे, "तिले सांग, चहात साखर जास्त झाली." मीही आत्याबाईंना सांगायचे, "त्यांना म्हणावं, उद्यापासून कमी घालते." इतक्या वर्षांत मला हाक मारायला त्यांना शब्दच लागला नव्हता. माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन ते गावभर फिरले, माझ्या बाळंतपणात त्यांनी मंगरूळपीरहून खारका आणून उंबरठ्यावर ठेवल्या, पण माझ्याशी एक वाक्य बोलले नाहीत. सुनेचा पाय अंगाला लागणं तर लांबच राहिलं. मी अंगणातून जात असले तर ते आपले पसरलेले पाय आवरून घ्यायचे.

तीन-चार वर्षांपूर्वी ऐन टमाट्याच्या तोडणीत त्यांची कंबर गेली. पिकअप दाराशी उभी होती. भरलेलं कॅरेट उचलून वर द्यायला ते वळले आणि तिथेच अर्धवट वाकून थांबले. हातातलं कॅरेट सुटलं, टमाटे अंगणभर झाले, आणि मामाजी तसेच, कमरेत मोडून, जमिनीकडे पाहत उभे. माझ्या नवऱ्यानं त्यांना अलगद धरून खाटेवर आणलं.

घरचे उपाय सुरू झाले. तेलात लसूण आणि ओवा जाळून आमचे हे रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची कंबर चोळायचे. त्यानं आखडलेलं अंग मोकळं व्हायचं, मामाजी घटकाभर झोपायचे. पण उठून उभं राहिलं की पुन्हा तेच. मग चार-सहा दिवसांनी दुखणं कंबरेतून उजव्या मांडीत आलं. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी आनंदानं आम्हाला सांगितलं, "उतरून राह्यलं!" आणखी काही दिवसांत पोटरी दुखू लागली, तळव्याला मुंग्या येऊ लागल्या. आत्याबाईंनी देवापुढे उदबत्ती लावली. मीही हातातली भाजी टाकून देव्हाऱ्याला हात जोडले, हे सांगून टाकते.

आता फक्त शेवटचा धक्का द्यायचा राहिला आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. मंगरूळपीरला एक नवा मणके बसवणारा आला होता. त्याच्या पाटीवर कायरोप्रॅक्टिक असं लिहिलेलं, ते वाचता वाचता आमच्या ह्यांची जीभ लचकली. मामाजींना काळी-पिवळी जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून आम्ही नेलं. आत एक लांबट बाक, चेहऱ्यासाठी भोक असलेला. माणूस तरणा आणि नम्र होता. त्यानं विचारलं, "बाबा, पायाला मुंग्या येतात का? बधीर लागतं का?"

"नाई," मामाजी म्हणाले.

आत्याबाई, हे आणि मी, आम्ही तिघं तिथे उभे होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. तो आजार विचारत होता, आणि मुंग्या हा आजार थोडाच! ते तर दुखणं निघाल्याचं लक्षण. ते कशाला कुणाला सांगायचं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

त्यानं मामाजींना कुशीवर वळवलं, एक गुडघा पोटाशी आणला, खांदा एकीकडे आणि कंबर दुसरीकडे धरली, आणि झटका दिला. कड्कन आवाज आला. मी किंचाळले. बाहेर बसलेली माणसं उठून दारात आली. माझी खात्री झाली होती की म्हातारा मोडला. पण मामाजी उठले, उभे राहिले, आणि सरळ चालत दारापर्यंत गेले. आम्ही आ वासून पाहत राहिलो. येताना ते काळी-पिवळीत सगळ्यांसारखे बसून आले. माझ्या पायाची जन्मभराची कमाई त्या एका आवाजानं धुऊन नेली, असंही मनात आलं, आणि थोडं सुटल्यासारखं वाटलं. चला, लोक आता माझा उंबरठा सोडतील.

ते सुख फार टिकलं नाही. एक-दोन दिवसांत कळ पुन्हा आली, आणि आता डाव्या पायातही. मला त्या दिवसांतलं एक आठवतं. मामाजींची चप्पल सारखी कुठेतरी राहायची. एकदा मेथीच्या वाफ्यात सापडली, एकदा पाण्याच्या पाटात, एकदा संडासाच्या वाटेवर. नेहमी उजव्या पायाचीच. मी उचलून आणून खाटेखाली ठेवायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारा विसरायला लागला. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, तरी माणसाला कळत नाही म्हणजे काय! याचं मला हसू यायचं. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

मग तो रविवार आला. सकाळी मी अंगण झाडून दाराशी आले, तर मामाजी आमच्या उंबरठ्याशी पालथे पडलेले. मला वाटलं, तोल जाऊन पडले. मी झाडू टाकून ओरडणार, इतक्यात ते बोलले. आत्याबाईंशी नाही, ह्यांच्याशी नाही. माझ्याशी.

"ठेव वं माय, पाय ठेव."

इतक्या वर्षांत पहिलं वाक्य, आणि तेही हे! माझ्यापुढे पाय पसरून न बसणारा माणूस, माझ्या पायाखाली येऊन पडला होता. त्यांचं धोतर नीट सारखं केलेलं, टोपी काढून शेजारी ठेवलेली. त्यांनी हे रात्रभर ठरवलं असणार.

आत्याबाई आतून धावत आल्या. "अवो, हे काय करून राह्यले तुमी? सुनेचा पाय! पाप लागीन!"

"मले लागीन. तिले काहून लागीन?" मामाजी जमिनीशी बोलल्यासारखे बोलले. "आता सहन नाई होत."

हा माणूस दुखतंय असं म्हणणाराच नव्हता. आत्याबाईंनी तांब्याभर पाण्यात हळद घातली आणि माझा डावा पाय धुतला. सासूनं सुनेचा पाय धुतला, हाही त्या सकाळचा एक धक्काच. मी गुडघे टेकून मामाजींच्या पायाला हात लावला, नमस्कार केला आणि उभी राहिले. हे दाराच्या कडेला टेकून, छातीवर हात घेऊन उभे.

कंबरेवर पाय ठेवला. मामाजी कण्हले. मांडीवर ठेवला. पोटरीवर ठेवला आणि नेहमीसारखा जरा दाब दिला. तिथून उजव्या तळव्यावर टाच टेकवली, चांगला भार दिला.

"काहून थांबली?" मामाजी म्हणाले. "ठेव ना."

मी खाली पाहिलं. माझी टाच त्यांच्या तळव्यावर होती. तळवा माझ्या वजनानं चपटा झाला होता.

"ठेवलाय मामाजी."

"कुठी?"

मला काय होतंय ते कळेना. मी टाच उचलून पुन्हा दाबली, मुद्दाम जोरात. काही नाही. माझ्या पायाच्या अंगठ्यानं त्यांच्या बोटांना चिमटा काढला. काही नाही. गव्हाच्या पोत्यावर पाय दिला तर ते जेवढं बोलेल तेवढंच.

"मामाजी, पोटरीत दुखतंय?"

"नाई." ते म्हणाले. "काईच नाई दुखून राह्यलं आता. सकाऊनपासून नाई. फक्त वरतं, कंबरेत."

आत्याबाईंनी टाळी वाजवली. "निंगालं! बोटातून निंगालं! माय माझी, लक्ष्मी हायेस तू!" त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली, तिला त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. हेसुद्धा हसले. सगळं घर हसत होतं, आणि मी एका पायावर उभी होते, दुसरा पाय सासऱ्याच्या तळव्यावर. आयुष्यभर मी शेकडो माणसांच्या तळव्यांवर पाय ठेवला होता. प्रत्येक माणूस तिथे हुळहुळतो. कुणी हसतो, कुणी पाय ओढून घेतो, मास्तरसुद्धा खुदकन हसले होते. पाय ठेवलेला कळलाच नाही, असा माणूस मला आजवर भेटला नव्हता.

"पंजा वर उचला बघू," मी म्हणाले.

त्यांनी उचलला असं त्यांना वाटलं. पंजा जमिनीवर होता तसाच राहिला. तेव्हा मला चप्पल आठवली. मेथीतली, पाटातली, वाटेवरची.

मी ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही. गाडी आणा, एवढं नक्की. हे म्हणाले, "अवं, बरं वाटून राह्यलं त्याइले, तू कायले बोंबलून राह्यली?" मी म्हणाले, "बरं नाही वाटत त्यांना! त्यांना काहीच वाटत नाही!" सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, गल्ली गोळा झालेली. माझ्या आवाजानं ह्यांचा चेहरा उतरला. ते गाडी बघायला पळाले.

मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी आधी दोन्ही तळव्यांवर किल्ली ओढून पाहिली. मग विचारलं, "लघवी कधी झाली?"

मामाजी भिंतीकडे पाहू लागले. डॉक्टरांनी परत विचारलं. ह्यांनी विचारलं. उत्तर नाही. म्हाताऱ्यानं दात घट्ट आवळले होते. खोलीत मी होते ना! मी बाहेर गेले असते तरी त्यांनी सांगितलं असतं की नाही कोण जाणे, आणि मला आता वेळ घालवायचा नव्हता. मी सरळ त्यांच्या उशाशी जाऊन वाकले. म्हणाले, "मामाजी, सकाळी तुम्ही मला माय म्हणालात. आता मायला सांगा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कालपासून नाई," ते म्हणाले. "कळतच नाई वं."

डॉक्टरांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली आणि लगेच फोन उचलला. मणक्यांमधली गादी सरकून खाली जाणाऱ्या नसांचा अख्खा गुच्छ दाबला गेलाय, म्हणाले. अकोल्याला, आत्ताच्या आत्ता, ऑपरेशन. ह्यांनी विचारलं, "पन साहेब, दुखनं तं कमी झालं होतं ना?" डॉक्टर म्हणाले, "दुखणं नाही गेलं. त्यांना ते कळणं बंद झालं."

मी तिथल्या बाकावर बसले. कामरगावचा तो उंबरठा, पालथ्या पडलेल्या पाठी, "कुठवर उतरलं?" म्हणणारी आई, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. त्या पाठींपैकी बहुतेक आपोआप बऱ्या झाल्या असतील, माझ्या पायानं काही बिघडलं नसेल. पण एखाद्याचं असं उतरत उतरत पायात गेलं असेल, आणि आम्ही उदबत्ती लावली असेल? ती भीती अजून गेलेली नाही.

अकोल्यात संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. सर्जन भला माणूस होता, पण गोड बोलणारा नव्हता. नस मोकळी केली आहे, वेळेत आणलंत, पण संवेदना परत येईल की नाही ते सांगता येत नाही, पायात बळ येईल की नाही तेही नाही. वाट पाहा, म्हणाला. आत्याबाईंनी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "आजी, ते त्या नसेलाच विचारावं लागेल."

मामाजी घरी आले ते लघवीची नळी लावूनच. पंजा लटका राहू नये म्हणून पायाला प्लास्टिकचा पट्टा. मंगरूळपीरच्या व्यायामवाल्या बाई घरी येऊन सगळं शिकवून गेल्या. पंजा हातानं वर करायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. पोटरी हलक्या हातानं चोळायची. तळव्यावर आधी खरखरीत कापड फिरवायचं, मग मऊ, आणि विचारायचं की कळतंय का. आत्याबाईंचे हात संधिवातानं वाकडे, हे दिवसभर भाजीत. तेव्हा सासऱ्यांचे पाय माझ्या वाटेला आले. रोज सकाळी वाटीत तेल घेऊन मी त्यांच्या पायथ्याशी बसायचे. पहिले काही दिवस ते डोळ्यांवर हात आडवा घेऊन पडून राहायचे, लाजेनं. मी एकटीच बडबडायचे. टमाट्याचा भाव, शेजारणीचं भांडण, कुठल्या वाफ्यात कीड पडली. हळूहळू ते उत्तरं देऊ लागले. मग वाद घालू लागले. कोथिंबीर कधी टाकायची यावरून आमचं जोरदार वाजायचं. आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आता बोलाले लागला त थांबतच नाई बुढा!"

पण पाय बोलत नव्हता. "कळतंय का?" "नाई." रोज तेच. नळी निघाली, त्या दिवशी आम्हाला आशा वाटली. डाव्या पायाची बोटं कळू लागली. उजवा मात्र तसाच. मामाजी एकदा म्हणाले, "राहू दे माय, गेला समज तो." मी म्हणाले, "गेला कसा? माझ्या हातात आहे ना." पण आत जाऊन चुलीपुढे बसले आणि रडले.

आणि गावाला काय वाटत होतं? ऐकून मी कपाळावर हात मारला. गावात पसरलं होतं की सुनेनं एक पाय ठेवला आणि म्हाताऱ्याचं दुखणं तिथेच निघालं, ऑपरेशन आपलं नुसतं नावाला! आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावहून मोटरसायकलीवर माणसं येऊ लागली. पट्टा लावलेला म्हातारा समोर ओट्यावर बसलेला दिसायचा, तरी माझ्यापुढे पालथी पडायची. मी ओरडून हाकलायचे. मग मामाजींनीच ते काम हातात घेतलं. आलेल्याला ते आधी आपल्याजवळ बसवायचे, त्याची चप्पल काढायला लावायचे, काडीनं त्याच्या तळव्याला टोचायचे. "कळते काय? मुंग्या हायेत काय?" हो म्हटलं तर काठी उगारायचे. "मंग अथी कायले आला? पहिले डॉक्टरकडे जाय! मी अथीच पडलो होतो!"

मार्गेसर, म्हणजे मार्गशीर्ष, उलटून थंडी सरत आली होती. सकाळची वेळ. मी नेहमीसारखी तेल लावून त्यांचा उजवा अंगठा मागे वाकवत होते आणि कोथिंबिरीवरून त्यांना टोमणा मारत होते. वाकवताना अंगठा थोडा जास्तच मागे गेला.

"आई वं!"

आणि तो पाय गुडघ्यातून उसळला आणि सणकन माझ्या खांद्यावर बसला. तेलाची वाटी कलंडली. मी मागे पडले.

मामाजी धडपडत उठून बसले. चेहरा पांढराफटक. दोन्ही हात जोडून कपाळाला लावलेले. "चुकलं माय, चुकलं! पाय लागला वं तुले! घरच्या लक्ष्मीले पाय लागला..." सुनेला लाथ बसली, या एका गोष्टीनं त्या माणसाचा जीव अर्धा झाला होता. दुसरं काही त्यांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

मी तेलात बसले होते. खांदा ठणकत होता.

"मामाजी," मी म्हणाले, "तुम्ही ओरडलात काहून?"

"दुखलं नं..." ते म्हणाले, आणि थांबले. जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे, मग परत माझ्याकडे. मी तो अंगठा पुन्हा धरला आणि निर्दयपणे वाकवला.

"दुखते!" मामाजी किंचाळले. "दुखते वं, दुखते! अजून वाकव!"

आत्याबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "का झालं?" मी तेलात, ते खाटेवर, दोघंही रडत होतो. शेवटी मीच सांगितलं, मामाजींचा पाय दुखतोय. त्या तशाच वळल्या, आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन थेट गल्लीत निघाल्या. शेजारणीच्या हातावर चिमूट ठेवली तेव्हा तिनं विचारलं, "कायची साखर वो?"

"आमच्या बुढ्याचं दुखून राह्यलं," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे गेल्या.